सात खाचांचं पातं

“घाई करू नका वहिनी. लोखंड बोलतं, पण आपल्या मर्जीनं बोलतं,” असं म्हणून सिराजोद्दीनने तिसरी तलवार मांडीवर आडवी घेतली.

जाफराबादच्या त्या घरात पलंगाखालची पत्र्याची पेटी बाहेर ओढलेली होती आणि सतरंजीवर अकरा हत्यारं मांडलेली होती. शिवकन्या समोर भिंतीला टेकून बसली होती. तिचा नवरा भारत जाऊन त्या दिवशी बावीस दिवस झाले होते. भारत जन्मभर मालवाहू जहाजावर फिटर होता. बरोबरीचे लोक परदेशातून अत्तरं आणि टेपरेकॉर्डर आणायचे. ह्या गड्याने आणली फिलिपिन्सच्या बेटांवरच्या आदिवासींची पाती. शिवकन्येने त्यावरून त्याला आयुष्यभर ऐकवलं होतं, आणि आता ऐकवायला माणूसच उरला नव्हता.

“जाताना एकच म्हणले,” ती म्हणाली. “हाशिमचं पातं त्याच्या लेकीला पोचतं कर. कोणतं म्हणून इचारलं, तर म्हणले, चाचानं, म्हंजे तुम्ही, धार लावली ते. मंग बोलणंच बंद झालं. बाकीचे समदे आयतवारी पुण्याचा एक जण घेऊन चाललाय, त्याला असल्या चिजांचा नाद हाय. त्याच्या हाती हाशिमचं नको जायला.”

हाशिम हा भारतचा जहाजावरचा जोडीदार, फिलिपिन्समधल्या होलो नावाच्या बेटावरचा. बेटावर गोळीबार सुरू झाला तेव्हा त्याने आपल्या आज्याचं पातं भारतच्या हवाली केलं होतं, शांत झालं की परत दे म्हणून. पुढच्याच वर्षी हाशिम वारला. पातं राहिलं ते राहिलंच.

सिराजोद्दीन जुन्या जालन्यातला शिकलगार. बापाआज्यापासून धार लावणं हाच धंदा. समुद्र त्याने डोळ्यांनी पाहिला नव्हता, पण निवृत्तीनंतर दर गुरुवारी भारत एसटीने एखादं हत्यार घेऊन यायचा आणि दोघे म्हातारे पत्रिका जुळवायला बसल्यासारखे त्यावर वाकायचे. पानासारखं रुंद असेल ते बारोंग. मागे काट्यासारखं टोक असलेली कुऱ्हाड डोंगरातल्या इगोरोतांची. नागमोडी असेल ते कालिस. भारत सांगायचा आणि सिराजोद्दीन लोखंडाला हात लावून ते खरं की खोटं ठरवायचा.

पेटीत कालिस तीन होते. त्यातल्या दोनांच्या मुठीखालचा आडवा भाग पात्यासकट एकाच तुकड्यातून काढलेला, वर नुसती सांध्याची रेघ कोरलेली. म्हणजे नवे. तिसऱ्याच्या सांध्यात मात्र नख अडकलं. तो भाग वेगळा घडवून पात्यावर बसवलेला होता, जुने कारागीर बसवायचे तसा. सिराजोद्दीनने अंगठा धारेवरून फिरवला.

“हेच हाय. बिलकुल हेच. माझी धार मी आंधळा झालो तरी वळखीन.”

शिवकन्येने सुटल्यासारखा श्वास सोडला आणि फोन पुढे केला. हाशिमच्या मुलीचा, नूरहैनाचा, निरोप आला होता. तिकडून कोणत्याही भाषेत येवो, फोनमध्ये त्याचं मराठी होत होतं. सोबत एक जुना फोटो होता. डोक्याला रुमाल बांधलेला म्हातारा आणि त्याच्या हातात हाच कालिस. धारेवर सात खाचा. शिवकन्येने वाचून दाखवलं, “आमच्या पात्यावर सात खाचा आहेत. माझी आजी प्रत्येक खाचेची हकिगत सांगते. खाचा दिसतील असा फोटो पाठवा.”

सिराजोद्दीनचा अंगठा धारेवरच थांबला.

चार वर्षांपूर्वी भारत छातीच्या तपासण्यांसाठी पुण्याला गेला होता. जाताना हे पातं ठेवून म्हणाला होता, चाचा, नुसतं तेल लावा. पण शिकलगाराच्या हातात आलेलं पातं बोथट परत गेलं तर घरातली बरकत जाते, असं बाप सांगून गेला होता. आणि दोस्ताचं काम! सिराजोद्दीनने दोन दिवस दुसरं गिऱ्हाईक घेतलं नाही. खाचा खोल होत्या. पातं सूतभर उतरवलं तेव्हा कुठे धार सरळ झाली. वर आरशासारखं पॉलिश केलं.

भारत परत आला, पातं हातात घेऊन बराच वेळ उभा राहिला. “लई मेहनत केली चाचा,” एवढंच म्हणाला. चहा प्याला, फडक्यात गुंडाळून घेऊन गेला. त्यानंतरही तो दर गुरुवारी यायचा, पण हत्यार कधी आणलं नाही. सिराजोद्दीन घरी बायकोजवळ, बदरुन्निसाजवळ, कुरकुरायचा, दोस्ताला आता आपल्या हाताचा भरोसा राहिला नाही म्हणून. आता कळलं. चार वर्षं त्या माणसाने कडू घोट गिळला होता, आणि हा इकडे त्याच्यावरच रुसून बसला होता. सिराजोद्दीनला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

त्याने सगळं सांगून टाकलं. शिवकन्येने फोनवरचा फोटो त्याच्यापुढे सरकवला.

“मंग पाडा ना सात खाचा,” ती हळूच म्हणाली. “फोटो समोर हाय. कानस तुमच्या पिशवीत हाय. तिला तिचं पातं भेटंल, ह्यांचा शब्द राहील. कोणाचं काय बिघडतंय?”

त्याने कानस काढलीसुद्धा. अर्ध्या तासाचं काम. पहिल्या खाचेच्या जागी ती टेकवली आणि फोटोतल्या म्हाताऱ्याकडे पाहिलं.

“न्हाई वहिनी. लढाईत पडल्या त्या. मी हितं बसून कशा पाडू? लिहा, पातं तुमचंच हाय. खाचा मी घासल्या, सिराजोद्दीन शिकलगारानं. माझं नाव बराबर लिहा.”

शिवकन्येने लिहिलं, फोटो पाठवला. उत्तर यायला तासभर लागला. तोवर दोघांनी चहासुद्धा घेतला नाही.

“आजीला फोटो दाखवला,” शिवकन्या वाचू लागली. “ती म्हणते, हे आमचं नाही. आमचं पातं कोणी घासलं असतं तर हाशिमच्या मित्राने तेव्हाच कळवलं असतं. तो खरा माणूस होता. पाठवू नका.”

ती तोंडाला पदर लावून रडली. “तुमचं नाव मधी येऊ नये म्हणून गप राह्यले ते. आता काय करू मी, चाचा?”

सिराजोद्दीनने कानस पिशवीत टाकली. शिवकन्येने पातं पुसून बाकीच्या दहांशेजारी ठेवलं. रविवारी ते सगळ्यांबरोबर पुण्याला गेलं.

सोमवारी सकाळी दुकानावर एक बाई जुना कोयता घेऊन आली. सिराजोद्दीनने तो उलटासुलटा करून पाहिला. मधोमध एक खाच होती.

“कोणाचा हाय?”

“माझ्या सासऱ्याचा. वारले ते. का हो चाचा?”

“ही खाच कशाची, ते घरी इचारून या.”

“आता गं बया! खाचेचं काय इचारायचं? धार लावा ना.”

“इचारून या,” तो म्हणाला आणि कोयता दोन्ही हातांनी तिला परत दिला.