गोठ्यातलं नाव

खापर गावच्या मगन पाटलांच्या घरात नवी सून आली की तिचं नाव बदलायचं, असा रिवाज. ताटात तांदूळ पसरायचे, नवरदेवानं त्यात अंगठीनं नवं नाव लिहायचं. पण ते नाव कोणतं, हे सासूनं ठरवायचं. मुलाचं, भूपेंद्रचं लग्न आठवड्यावर आलं तेव्हा हा मान मगनरावांच्या बायकोकडे, सुंदरबाईकडे आला. जावा-नणंदांनी नावं सुचवून सुचवून तिचं डोकं खाल्लं. भाग्यश्री ठेवा, भूमिका ठेवा, भूपेंद्रला शोभेल असं काही ठेवा. सुंदरबाई तांदूळ निवडत होती. निवडता निवडता तिच्या सहज मनात आलं, लग्नाआधी आपलं नाव काय होतं बरं?

आठवेना. माणूस चष्मा विसरतो, किल्ली विसरतो, पण स्वतःचं नाव? तिनं मगनरावांना विचारलं. ते म्हणाले, मला काय ठाऊक, मी पहिल्या दिवसापासून तुला 'अय'च म्हणतो. हे मात्र अगदी खरं होतं. आधारकार्डावर सुंदरबाई, रेशनकार्डावर सुंदरबाई, माहेरी धाकटी-थोरली सगळी तिला आक्का म्हणत. जिला स्वतःचं नाव ठाऊक नाही तिनं दुसरीचं काय म्हणून ठरवावं? बस्त्याची गाठोडी तशीच टाकून तिनं नंदुरबारची एसटी पकडली आणि तिथून जीपनं कोरीट, म्हणजे माहेर, गाठलं.

भाऊ उखा ओट्यावर बसला होता. तिनं चपला काढायच्या आधीच विचारलं. उखानं डोकं खाजवलं, गोठ्याकडे पाहिलं आणि चोरी पकडल्यासारखा खाली बघत म्हणाला,

"तू गयी, नाव पडी ऱ्हायनं. बा म्हणे, एवढं चांगलं नाव वाया कसाले घालानं? म्हैसले दिधं."

सुंदरबाईला काही समजेना. मग उखानं गोठ्याकडे तोंड करून हाक मारली, "केसर!" दावणीच्या काळ्याभोर म्हशीनं मान वळवली आणि सुंदरबाईच्या तोंडून आपसूक "ओ" निघालं. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. माहेरी आल्यावर ही हाक तिनं कितीदा तरी ऐकली होती. दरवेळी तिचं हातातलं काम थांबायचं, पण म्हशीला मारलेल्या हाकेचं आपल्याला काय, म्हणून तिनं सोडून दिलं होतं. आता तिला रडूच फुटलं.

रडून झाल्यावर तिला राग आला. नाव परत दे म्हणून ती हटून बसली. उखा म्हणाला, ही त्या पहिल्या केसरच्या नातीची नात, नाव घेतल्याशिवाय पान्हा सोडत नाही. शेवटी प्रकरण पारावर गेलं. बांधांची भांडणं मिटवण्यात ज्यांचा हात कोणी धरत नाही, ते इंद्रसिंग बापू न्यायाला बसले. निवाडा एकतर्फी नको म्हणून म्हशीलाही आणलं. बापूंनी सगळं ऐकून घेतलं आणि गंभीरपणे म्हणाले,

"बाई, तू सोडी दिधं. तिनी संभाळं."

तरी माहेरवाशीण रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून बापूंनी तोड काढली. अदलाबदल करा. केसर बाईला, सुंदरबाई म्हशीला. नाव चांगलं आहे, वापरलेलं आहे, कुठे फाटलेलं नाही. सगळ्यांना पटलं, म्हशीला कोणी विचारलं नाही.

संध्याकाळी उखा बादली घेऊन बसला आणि म्हणाला, "सुंदरबाई." म्हैस दुसरीकडे बघत राहिली. सरकीची पेंड पुढे ठेवली. तिनं पेंड खाल्ली, पान्हा सोडला नाही. उखाच्या बायकोनं लाडानं हाक मारली, इंद्रसिंग बापूंनी दटावून मारली. सकाळीही तेच. कास तटतटली, रेडकू ओरडून ओरडून थकलं, म्हैस आपली रवंथ करत उभी. मग सगळे तिला समजवायला लागले. अगं, हळूहळू सवय होते. अगं, नावात काय ठेवलंय? अगं, बायकांच्या जातीनं एवढा हट्ट करू नये, लोक काय म्हणतील?

गोठ्याच्या दाराशी उभी असलेली सुंदरबाई आत आली. हे सगळं, याच शब्दांत, तिनं एकदा ऐकलं होतं. हळदीचे हात होते आणि समोर तांदळाचं ताट होतं.

"ती एवढी उभी ऱ्हायनी," ती उखाला म्हणाली, "मंग मी काब लगेच मान हालाई दिधी?"

ती म्हशीजवळ गेली, कपाळावर हात ठेवला आणि लग्नानंतर पहिल्यांदा स्वतःच्या तोंडानं ते नाव घेतलं. "केसर." म्हशीनं लांब श्वास टाकला आणि पान्हा सोडला. बापूंनी निवाडा फिरवला: खापरला हे नाव बाईचं, कोरीटला म्हशीचं, बाई माहेरी आली तर आधी ओ द्यायचा हक्क म्हशीला.

लग्नात भूपेंद्र अंगठी धरून ताटासमोर बसला. जावा-नणंदा माना उंच करून होत्या. केसरबाईनं नवरीला विचारलं, "पोरी, तुले घरना काय म्हणतस?" मुलगी खाली बघतच म्हणाली, "रंजिता."

"मंग तेच लिख."

भूपेंद्रनं तेच लिहिलं. मोठ्या नणंदेनं तोंड वाकडं केलं ते जेवणं होईपर्यंत सरळ झालं नाही. रंजितानं मात्र मान वर करून सासूकडे पहिल्यांदा नीट पाहिलं.

मांडव उतरला त्या दिवशी मगनराव ओट्यावरून म्हणाले, "अय." बाई दारात सुपारी चघळत बसली होती. ती हलली नाही. मग ते म्हणाले, "सुंदरबाई." ती रस्त्याकडे बघत चघळत राहिली. मगनरावांना वाटलं, गेले वाटतं कान. मग त्यांना उखानं फोनवर सांगितलेलं सगळं आठवलं. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आजूबाजूला कोणी नाही याची खात्री केली आणि लाजत लाजत म्हणाले,

"केसर."

"काय शे?" बाई लगेच वळली.

मगनराव तिच्याकडे बघतच राहिले. हाक कशासाठी मारली होती, तेच त्यांना आठवेना.