चौदा नंबरची सोंगटी

पुण्यात मूल जन्माला घालणं सोपं, त्याला पाळणाघरात घालणं अवघड, असं कोथरूडच्या निशिगंध सोसायटीत म्हणत, आणि म्हणणाऱ्यांचा रोख उल्काताईंकडे असे. तळमजल्यावरच्या आपल्या फ्लॅटमध्ये त्या अकरा वर्षं पाळणाघर चालवत होत्या. मुलं वीस, सांभाळणाऱ्या बायका चार. एकविसाव्या मुलाचा विषय निघाला की त्यांची मान आडवी हलायला लागायची. "चार बायकांना आठच हात असतात," त्या म्हणायच्या, "आणि त्यातला एक कायम कुणाचं तरी नाक पुसण्यात अडकलेला."

पूर्वी रांग त्यांच्या डोक्यात असायची. डोक्यातल्या रांगेत घुसणं सोपं, असं लोकांना वाटे. कुणी आंब्याची पेटी घेऊन यायचं, कुणी उल्काताईंच्या मामेबहिणीशी लांबची ओळख काढायचं. एक दिवस त्या वैतागल्या आणि रांगेतल्या सगळ्यांची नावं दाराबाहेर फळ्यावर लिहून मोकळ्या झाल्या. लपवाछपवी नको, वशिला नको. आठवड्याच्या आत तिसऱ्या मजल्यावरच्या एक सासूबाई खाली आल्या. फळ्यावर त्यांनी स्वतःच्या सुनेचं नाव वाचलं होतं, आणि सुनेला तोवर दुसरासुद्धा महिना पुरता भरला नव्हता.

"आमच्याकडे पाळणा हलणार हे मला भिंतीवरून कळावं?" त्या म्हणाल्या आणि तिथेच चपलांच्या खणावर बसून रडल्या.

तीन महिने पुरे होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही, ही आपली रीत. पण तीन महिने थांबलं तर पाळणाघरात जागा मिळत नाही, ही कोथरूडची रीत. पोरी बिचाऱ्या सासूच्या आधी उल्काताईंना सांगत होत्या, आणि उल्काताईंनी ते चव्हाट्यावर मांडलं होतं. त्यांना स्वतःचीच लाज वाटली. त्यांनी फळा पुसला, माळ्यावरून भिशीच्या काळातला हाउजीचा डबा काढला, आणि तेव्हापासून नाव घालायला येईल त्याच्या हातावर आकड्याची एक प्लॅस्टिकची सोंगटी ठेवायला सुरुवात केली. नाव उल्काताईंपाशी, सोंगटी आईपाशी. फळ्यावर एवढंच उरलं:

"पुढचा नंबर: १४. वशिला आणल्यास नंबर एकाने मागे जाईल. चौकशी दुपारी एक ते चार करू नये. मुलं झोपलेली असतात आणि मीही."

सप्टेंबरात एका जोडप्याची बंगळूरला बदली झाली आणि तान्ह्यांच्या खोलीतला एक पाळणा रिकामा झाला. त्याच संध्याकाळी सोसायटीचे चेअरमन श्रीधर पानसे दारात हजर. बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. निवृत्त झाले, तरी मॅनेजर राहिलेच.

"जागा झाली म्हणे," ते म्हणाले.

"अजून पाळण्यातली चादरसुद्धा बदलली नाही. तुम्हांला कसं कळलं?"

"चेअरमन आहे मी. हे बघा, आमच्या बँकेतले साहेब होते, त्यांची नात आहे, स्पृहा. गोड मुलगी. मी शब्द दिलाय त्यांना."

"माझ्या पाळण्याचा शब्द तुम्ही दिलात?"

"आता दिलाय ना! तो चौदा नंबर जो कोण आहे, तो थांबेल थोडा. कुणाचा आहे?"

"ते सांगत नसते मी."

पानशांनी चष्मा काढून पुसला. "उल्काताई, फ्लॅटमध्ये पाळणाघर चालवायची परवानगी सभा देते. दर वर्षी. रविवारी सभा आहे, लक्षात असू द्या. दुपारच्या आवाजाबद्दल तक्रारी पुष्कळ आहेत."

ते गेले, आणि उल्काताई दार लावून तशाच उभ्या राहिल्या. अकरा वर्षं, चार बायकांच्या चुली, वीस मुलं, सगळं एका रविवारावर येऊन टांगलं होतं. गंमत म्हणावी की दैव, ते वाचवायला एक वाक्य पुरे होतं. चौदा नंबरची सोंगटी श्रीधर पानशांच्याच घरात होती. त्यांची सून वल्लरी पोटुशी असतानाच एकटी येऊन नाव घालून गेली होती. जाताना हात धरून म्हणाली होती, "काकू, घरी इतक्यात कळू देऊ नका. मी नोकरी सोडणार असं सगळे धरून चाललेत." आता अवनी साडेपाच महिन्यांची झाली होती, हिंजवडीतल्या नोकरीची रजा महिनाअखेर संपत होती, आणि घरात सांगायचं धाडस काही वल्लरीला झालं नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी ती अवनीला कडेवर घेऊन मागच्या दाराने आली. डोळे सुजलेले.

"काकू, माझा नंबर कॅन्सल करा. द्या ती सीट बाबांच्या साहेबांना. तुमचं पाळणाघर तरी राहील."

"आणि तुझी नोकरी?"

"बघू. सोडेन."

"हे बघ," उल्काताई म्हणाल्या, "आज तुझा नंबर सासऱ्यांच्या साहेबांना दिला, तर उद्या पंधरावा कुणाच्या तरी मेव्हण्याला द्यावा लागेल. मग ही रांग कसली? तू तुझ्या घरी सांग किंवा नको सांगूस, तो तुझा प्रश्न. पण रांग सोडायची नाही." आणि त्यांनी अवनीच्या तोंडातला स्वतःच्या पदराचा शेव हळूच सोडवून घेतला.

बोलल्या ठणकावून, पण रात्री त्यांना झोप आली नाही.

रविवारी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. रंगकामाचा विषय झाला, लिफ्टचा झाला, आणि पानसे पाळणाघरावर आले.

"आवाज हा एक मुद्दा. पण मी तत्त्वाचं बोलतो. आमच्या घरी नात आहे. आम्हांला पाळणाघर लागतं का? सून घरी आहे, आजी घरी आहे. मूल घरात वाढतं, तेव्हा संस्कार होतात. सोसायटीने असल्या धंद्यांना जागा का द्यावी?"

दुसऱ्या मजल्यावरचा आमोद उठला. त्याच्या मुलाला अजून जागा मिळायची होती आणि तो राग त्याने वर्षभर मुरत ठेवला होता. "आणि त्या सोंगट्यांचं काय? नंबरमागे कोण आहे, ते ह्यांनाच ठाऊक! सगळे ह्यांचे नातेवाईक असतील. नावं वाचून दाखवा, मग परवानगीचं बघू."

"बरोबर आहे," चारपाच जण म्हणाले. पानशांनी मान डोलावली. "अगदी रास्त मागणी. सांगा उल्काताई, चौदा नंबर कुणाचा?"

उल्काताई उठल्या. त्यांनी पुढच्या खुर्चीची पाठ धरली. चौथ्या रांगेत वल्लरी बसली होती, शेजारी तिच्या सासूबाई, प्रेमलाताई, मांडीवर अवनी. उल्काताईंनी तिकडे बघायचं टाळलं.

"नावं मला विश्वासाने सांगितलेली आहेत," त्या म्हणाल्या. "एकदा मी ती भिंतीवर लिहिली आणि एका बाईला रडवलं. पुन्हा नाही. परवानगी काढून घ्यायची तर घ्या. नाव मी सांगणार नाही."

आणि त्या खाली बसल्या. आता संपलं, असं त्यांना वाटलं.

"मग मतदान घेऊ," पानसे म्हणाले.

"एक मिनिट, बाबा."

वल्लरी उभी राहिली होती. मूठ उघडून तिने सोंगटी वर धरली. "चौदा नंबर माझा आहे. तुम्ही ज्याला मागे सारून साहेबांच्या नातीला पुढे घुसवताय ना, तो नंबर अवनीचा आहे."

आमोदचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

"कशासाठी?" पानसे म्हणाले. "घरी आजी आहे की!"

"आजीला विचारलंत?"

हे प्रेमलाताई म्हणाल्या. बसल्या जागेवरून, नातीच्या तोंडाची लाळ पुसता पुसता. उल्काताई चमकून वळल्या. ह्यातलं त्यांनाही काही ठाऊक नव्हतं.

"अहो, ती सोंगटी मला केव्हाच सापडली होती. हिच्या जीन्सच्या खिशात, कपडे धुताना. साबणाने स्वच्छ केली, पुसली आणि परत हिच्या पर्समध्ये ठेवली. म्हटलं, सांगेल तेव्हा सांगेल."

"आई?" वल्लरी म्हणाली, आणि तिला हसू आणि रडू एकदमच आलं.

"तुमची दोन मुलं मी एकटीने वाढवली," प्रेमलाताई नवऱ्याला सांगत होत्या. "तुम्ही बँकेतून यायचात तोवर ती झोपलेली असायची. संस्कार संस्कार म्हणता, ते कुणी केले? आता माझे गुडघे गेले. संध्याकाळी नातीशी खेळेन, दिवसभर तिच्यामागे धावायला सांगू नका. आणि हिला नोकरी करायची आहे. मी सोडली होती, मला माहीत आहे ते काय असतं."

कुणीतरी टाळी वाजवली. मागच्या रांगेतली एक मुलगी उठली, "सव्वीस माझा." खांबापाशी उभा असलेला एक तरुण बाप म्हणाला, "एकोणीस आमचा." इकडून तिकडून हात वर होऊ लागले. शेवटी आमोदची बायको निकिताही उठली आणि नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "पंधरा आमचा. चौदानंतर पंधराच येतो, आमोद. साहेबांची नात मध्ये घुसली असती, तर आपला पंधरा सोळावा झाला असता." आमोद हळूच खाली बसला.

मतदान झालं. विरोधात दोन हात वर गेले, त्यातला एक डास मारायला गेला होता. दुसरा पानशांचा होता, आणि तोही बायकोची नजर पडताच खाली आला. उल्काताईंना चार बायकांनी मिठ्याच मारल्या. इतकी वर्षं दुसऱ्यांची नाकं पुसलेल्या उल्काताईंना त्या दिवशी स्वतःचं नाक पुसायला पदर पुरला नाही.

महिनाअखेरीला सकाळी पाळणाघराची बेल वाजली. दारात श्रीधर पानसे. एका कडेवर अवनी, दुसऱ्या खांद्यावर दुपट्यांची पिशवी. मागे वल्लरी हेल्मेट हातात घेऊन हसत उभी होती. पानशांनी चौदा नंबरची सोंगटी उल्काताईंच्या हातावर ठेवली, बँकेत टोकन ठेवतात तशी, आकडा वर करून.

"दहा वाजता हिला भाताची पेज लागते," ते म्हणाले. "फार गरम चालत नाही."

"बरं."

ते घुटमळले. मग घसा साफ करून म्हणाले, "त्या स्पृहाचं नाव घालायचं होतं. साहेबांचा फोन येतो रोज."

"घाला की," उल्काताई म्हणाल्या. हाउजीचा डबा उघडून त्यांनी सोंगटी शोधली. "अडतीसपर्यंत गेलेत. हा घ्या, चाळीस."

"अडतीसनंतर एकोणचाळीस येतो, उल्काताई. मी बँकेत होतो."

उल्काताईंनी फळ्याकडे बोट केलं. पानशांनी चष्मा सावरून दुसरी ओळ वाचली, आणि चाळीस नंबरची सोंगटी मुकाट्याने खिशात टाकली.