धुतलेला हरभरा

पेरणीआधी ठकूबाईंनी स्वच्छ धुतलेला हरभरा विसाव्या दिवशी वावर सोडून घरात जेवायला आला. वीतवीतभर पिवळी रोपं ओटीपासून परसापर्यंत पंगत धरून बसली.

"मेल्यांनो, वावरात काय कमी आहे? ऊन आहे, पाणी आहे."

"भूक लागलीय, आजी," पहिलं रोप म्हणालं.

सून कुंदा चुलीपाशी होती. "नत्र पाहिजे त्यांना, आत्याबाई. हवा नत्रानं भरलीय, पण रोपांना ते तसं खाता येत नाही. मुळांच्या गाठीत जिवाणू राहतात, ते फोडून देतात आणि बदल्यात रोपांकडून साखर खातात. म्हणून तर गुळाच्या पाण्यात कालवून मी बियाण्याला जिवाणूंची काळी भुकटी चोळली होती. धुतलं कोणी?"

तसलं काळं, चिकट बी आपल्या दारात वाळताना लोकांनी बघायचं? दोन पाण्यांनी चोळचोळून धुतलं होतं ठकूबाईंनी. चाळीस वर्षं हे घर त्यांच्या शब्दावर चाललं होतं. आता सुनेपुढं चुकले म्हणायचं?

"पावसाला विचार."

"पाऊस कुठं झाला, आत्याबाई?"

ठकूबाईंनी पंगतीला मूठमूठ युरिया वाढला. रोपांनी तो खाल्ला आणि पुन्हा पानं पसरली. मागून आणखी येत होती. पंगत वाढली तशी मागची भिंत लांब गेली. परसदार आता पावट्याच्या दाण्याएवढं दिसत होतं. ठकूबाईंच्या हिरव्या लुगड्याचा खालचा काठ पिवळा पडला. मग निऱ्या.

"नत्र कमी पडलं की रोपं आधी जुन्या पानातलं काढून घेतात," कुंदा म्हणाली.

"जुनं पान कुणाला म्हणतेस गं?"

एवढ्यात त्यांची बोटं खाजू लागली. पेरापेरावर बारीक गाठी आल्या होत्या. कुंदानं एक गाठ नखानं फोडली. आत गुलाबी होती.

"जिवाणू कामाला लागलेत," ती म्हणाली. "पण तुमच्या हाताला कसे चिकटले?"

अजून सांगता आलं असतं. ठकूबाईंनी हात पदराखाली घ्यायला ओढले, पण बोटं सारवलेल्या जमिनीत शिरली होती. ओढावीत तेवढी खोल जात होती. पहिलं रोप हिरवं झालं, मग त्याच्या शेजारचं.

"सोडा मला! मी काय तुमची वाढपी आहे?"

पहिलं रोप वाकलं. त्यानं ठकूबाईंच्या उघड्या तोंडात साखरेचा एक थेंब सोडला. थुंकायचा म्हणेपर्यंत तो गिळला गेला होता, आणि दुसरं रोप वाकत होतं.