मोंतेसिनोसच्या पायाशी

शनिवारची अख्खी दुपार सेनोबियाबाईंनी पार्लरात घालवली होती. केसांना रोलर गुंडाळून गरम वाऱ्याच्या टोपाखाली बसायचं म्हणजे जिवंतपणी चुलीत डोकं घालणं. पण सान्तो दोमिंगोत इभ्रतीच्या बाईला ते चुकत नाही. रविवारी सकाळी केस कसे, इस्त्री केल्यासारखे खांद्यावर उतरले होते. आणि नात खोलीतून बाहेर आली ती डोक्यावर काळ्या ढगाचं गाठोडं घेऊन.

"योकास्ता, हे असं येणार तू?"

"असेच उगवतात आजी. असेच येणार."

"उगवतं तर गवतही. म्हणून डोक्यावर मिरवतं का कुणी?"

"गवताला इस्त्रीही करत नाही कुणी."

पंधरा वर्षांची पोर, पण जिभेला धार आजीचीच. आई न्यूयॉर्कला नोकरीला, म्हणून दुधाच्या बाटलीपासून हिला सेनोबियाबाईंनीच वाढवलेलं. रंगाने आजीहून दोन छटा गडद निघाली, त्यात तीन महिन्यांपासून केस सरळ करणं सोडलेलं. घरी ठेवून यावं तर डबा कोण उचलणार? गुडघे कुरकुरत होते. म्हणून आणली.

बाई नव्या वस्तीत राहायला आल्याला फार दिवस झाले नव्हते. तिथल्या चर्चच्या बायका नाताळाआधीच्या रविवारी समुद्रकाठच्या मोंतेसिनोसच्या पुतळ्याला फुलं वाहायला जात. यंदा प्रथमच त्यांनी बाईंना बोलावलं होतं. तो दगडी साधू समुद्राकडे तोंड करून, गालाला हात लावून ओरडत उभा आहे. पाचशे वर्षांमागे त्याने भर प्रार्थनेत स्पॅनिश मालक लोकांना तोंडावर विचारलं होतं, ज्यांना तुम्ही राबवून मारताय ती माणसं नाहीत का? मालक चिडले. आता त्याचा पुतळा पाच मजली घराएवढा आहे आणि त्याच्या सावलीत बायका चटई अंथरून खातात.

योकास्ताने डबा उघडला. केळीच्या पानात वाफवलेले पास्तेल आणि थर्मासमध्ये आल्याचा चहा. लुक्रेसियाबाई या त्या बायकांतल्या म्होरक्या. त्यांनी एक पास्तेल सोडलं, वास घेतला आणि पोरीकडे हनुवटीने खूण केली.

"हात चांगला आहे हो हिचा. कुठून मिळाली तुम्हाला? आमच्याकडे तर महिनाभर टिकत नाही एकही."

सेनोबियाबाईंच्या तोंडात घास होता. तो गिळायला लागला तेवढ्या वेळात 'नात आहे माझी' म्हणता आलं असतं. चार बायका बघत होत्या. चौघींचे केस सरळ.

"असते मदतीला," बाई म्हणाल्या.

योकास्ता हातभर अंतरावर होती. तिने मान वर केली नाही. कप भरले, एकेकीपुढे धरले. "घ्या बाईसाहेब," प्रत्येकीला म्हणाली. आजीपुढेही तसाच कप धरला आणि तसंच म्हणाली. मग उष्टे कप गोळा करून नळाकडे निघून गेली.

बाईंचा भरलेला कप चटईवर तसाच राहिला.

नळ होता कठड्यापाशी. तिथे शेजारच्या हैती देशाच्या वंशाची एक काळी बाई ताटात भाजलेल्या शेंगांच्या पुड्या मांडून बसली होती. योकास्ता तिच्याशी काहीतरी बोलत होती, हसतही होती. तेवढ्यात जाळी लावलेली गाडी येऊन थांबली. हैतीहून चोरून आलेल्यांचे कागद तपासणारी गस्त. एक सार्जंट आणि एक शिपाई उतरले आणि त्यांनी शेंगावालीच्या दंडाला धरलं. मग सार्जंटने योकास्ताकडे पाहिलं. आधी रंग पाहिला, मग केस.

"तुझे कागद?"

"घरी आहेत. मी इथलीच आहे."

"सगळ्या इथल्याच असतात. चढ."

योकास्ताने वळून चटईकडे पाहिलं. हाक मारली असती तर बाई धावल्या असत्या, असं त्या नंतर स्वतःला सांगत राहिल्या. पण पोरीने हाक मारली नाही. ओठ आवळले आणि गाडीत चढली.

"अगंबाई, तुमची कामवाली नेतायत!" लुक्रेसियाबाई म्हणाल्या. "कागद केले नव्हते का तिचे? दंड पडेल हो तुम्हाला."

तेव्हा बाई उठल्या. गुडघे विसरून धावल्या.

"सार्जंट! उतरवा तिला! नात आहे माझी!"

सार्जंटने त्यांचे केस पाहिले, कानातलं सोनं पाहिलं, मग जाळीआडची पोर पाहिली. "बाईसाहेब, तुम्ही भल्या मनाच्या. पण कामवालीसाठी खोटं बोलू नये."

मागोमाग लुक्रेसियाबाई पोचल्याच होत्या. "नात? अहो, आत्ता तर तुम्ही म्हणालात..."

"खोटं म्हणाले!" सेनोबियाबाई ओरडल्या. "तुमच्यासारख्यांत बसायला मिळावं म्हणून माझ्या लेकीच्या लेकीला मी मोलकरीण केलं. झालं समाधान?"

लुक्रेसियाबाई दोन पावलं मागे सरल्या. पण सार्जंट हसला. "दिसत तर नाही तशी."

बाईंनी नळाखाली डोकं घातलं.

शनिवारची सगळी दुपार त्या पाण्यात वाहून गेली. ओठांवरचा रंग ओघळला, रविवारचं झंपर भिजलं. मान वर करून त्या तशाच उन्हात उभ्या राहिल्या. खारा वारा लागला तसे कपाळावरचे केस आखडले, मग कानामागचे. एकेक बट वळून स्प्रिंगसारखी वर चढली. चर्चच्या बायका बघत होत्या.

"आता दिसतंय?" बाई म्हणाल्या. "माझ्या आईचे असे होते. तिच्या आईचेही असेच. हात लावून बघा हवं तर."

सार्जंटने नजर फिरवली. "उतर गं," तो म्हणाला.

योकास्ता दारापर्यंत आली आणि तिथेच थांबली. शेंगावाली कोपऱ्यात अंग चोरून बसली होती.

"हिचं काय? हीसुद्धा इथेच जन्मलीय. आत्ताच सांगत होती मला."

सार्जंट वैतागून सेनोबियाबाईंकडे वळला. "का हो, हीसुद्धा तुमची नात का?"

शेंगावाली बाईंकडे बघत होती. तिने हात जोडले नाहीत. नुसती बघत होती.

"नाही," बाई म्हणाल्या.

खोटं नव्हतं ते. तरी मघाच्या खोट्याहून तेच जास्त रुतलं.

गाडी धूर सोडून निघून गेली. चटईवरून कुणीतरी हाक मारली, प्रार्थना सुरू होतेय म्हणून. त्या हाकेत बाईंचं नाव नव्हतं. बाईंनी पोरीच्या खांद्याला हात लावायला पुढे केला, तर योकास्ता वाकली आणि खाली पडलेल्या शेंगांच्या पुड्या गोळा करायला लागली. ताटात नीट रचल्या आणि ताट घेऊन कठड्यावर बसली.

"चल गं घरी."

"तिचं कुणीतरी शोधत येईल. त्यांना सांगायला हवं कुणीतरी."

"आणि नाही आलं तर?"

योकास्ताने ताट शेजारी कठड्यावर ठेवलं. टोपीवाला एक माणूस पुड्या बघून थांबला. "केवढ्याला?"

"विकायच्या नाहीत. दुसऱ्याच्या आहेत," ती म्हणाली.

सेनोबियाबाईंच्या केसांतून अजून पाणी गळत होतं, मानेवरून पाठीत उतरत होतं. त्यांनी ते पुसलं नाही. ताटाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन त्या कठड्यावर टेकल्या. पोरीने ताट मधून हलवलं नाही, आणि बाईंनी हलवायला सांगितलं नाही.