मास्तरांच्या अपिलातला हजेरीपट

मी एक हजेरीपट आहे. जाड पुठ्ठ्याचा, निळ्या कापडी पाठीचा. माझ्या प्रत्येक पानावर डावीकडे पंचवीस नावांची जागा आणि प्रत्येक नावापुढे एकतीस चौकोन. आला त्याच्यापुढे तिरकी रेघ, नाही आला त्याच्यापुढे फुली. कुणी आवडीनं वाचत बसावं असं माझ्यात काही नाही. पण एकदा एका माणसाच्या चोवीस वर्षांच्या नोकरीचा प्रश्न होता आणि मला साक्षीला नेलं गेलं. तिथे जे झालं ते माझ्या मनातून जात नाही, म्हणून बोलतोय.

आम्ही बारा भावंडं एकाच गठ्ठ्यात बांधून पलटणीच्या भांडारात आलो. नंतर सगळी पांगलो. एक भाऊ स्वयंपाकघरात गेला. त्याच्यात म्हणे बटाट्याच्या पोत्यांची हजेरी लागते. माझ्या वाट्याला शाळा आली आणि मला उगीचच शिंगं फुटली.

शाळा म्हणजे परेडच्या मैदानाकडेची एक लांबट खोली. बारा बाकं, एक फळा आणि एक कोपरा सुटून लोंबणारा नकाशा. मोठमोठी माणसं त्या बाकांवर अवघडून बसत. डोळे मिटून बंदूक खोलणारे आणि जोडणारे हे लोक, पण अपूर्णांकांची बेरीज आली की घामाघूम होत. तरी त्यांना यावंच लागे. वरच्या शिक्षणाचं प्रमाणपत्र नसेल तर हवालदाराचा सुभेदार होत नाही, असा नियम होता. प्रमाणपत्रासाठी वर्गात नव्वद दिवसांची हजेरी लागे आणि मग लेखी परीक्षा.

मी आलो त्याच आठवड्यात शिक्षकाची बदली झाली. नवा शिक्षक लगेच मिळेना. मग मोठ्या साहेबांनी बिनतारी संदेशांच्या खोलीतल्या एका हवालदाराला बोलावलं. दिवसभर कानाला यंत्र लावून संदेश उतरवून घ्यायचे, हे त्याचं काम. त्यामुळे अक्षर मोत्यासारखं.

"आठवडाभर तुम्ही वर्ग सांभाळा," साहेब म्हणाले.

तो आठवडा तीन वर्षं चालला.

पहिल्या दिवशी हवालदारानं माझ्यावर चोवीस नावं लिहिली. पंचविसावी ओळ रिकामी राहिली. मग एकेक नाव पुकारलं, रेघा ओढल्या आणि पानाच्या तळाशी सही केली. आठ दिवसांत सगळे त्याला 'मास्तर' म्हणायला लागले आणि मीही.

मास्तर रागावत नसत. कुणाचं उत्तर चुकलं की म्हणत, "बरोबर आहे, फक्त दुसऱ्या प्रश्नाचं आहे." एक उंच हवालदार होता. मास्तरांपेक्षा नोकरीनं चार वर्षांनी धाकटा. त्याला सगळे लंबू म्हणत. घरची पत्रं तो दुसऱ्याकडून वाचून घ्यायचा. मास्तरांनी त्याला आधी पत्र वाचायला शिकवलं, मग पत्र लिहायला, मग निबंध. बायकोला त्यानं स्वतःच्या हातानं पहिलं पत्र लिहिलं तेव्हा ते मास्तरांना दाखवायला आणलं. मास्तरांनी ते दुमडून परत दिलं.

"हे तपासायचं नसतं रे," ते म्हणाले. "पोस्टात टाक."

परीक्षेच्या दिवशी चोवीस जण मान खाली घालून लिहीत असत आणि मास्तर बाकांमधून हळूहळू फिरत. वर्ग घेतो तोच पर्यवेक्षक, अशी पद्धतच पडून गेली होती. पहिल्या वर्षी चोवीसपैकी एकोणीस पास झाले. त्यात लंबू होता.

आणि मास्तर? हजेरी घेणारा माणूस स्वतःची हजेरी कशी लावणार? माझ्या एकाही पानावर त्यांचं नाव नव्हतं. होती ती तळाशी सही. कुणाच्या डोक्यात आलंच नाही की, ज्या प्रमाणपत्रासाठी हा माणूस लोकांना तयार करतोय ते त्याच्याकडे नाही.

त्यांच्या डोक्यात मात्र आलं होतं. ते फक्त मला ठाऊक होतं.

दुसऱ्या वर्षी परीक्षेचे फॉर्म वाटून झाल्यावर एक उरला. वर्ग सुटला, सगळे गेले. मास्तरांनी तो फॉर्म माझ्यावर ठेवून भरला. नाव, क्रमांक, हुद्दा, सही. तारीख लिहायची तेवढी राहिली. मग ते बराच वेळ बसून राहिले. बाहेर कवायतीच्या आरोळ्या चालल्या होत्या. माझ्या मागच्या पुठ्ठ्याचं अस्तर एका बाजूनं सुटलं होतं. त्यांनी फॉर्मची घडी केली आणि त्या अस्तराच्या आत सरकवली.

"उद्या देऊ," ते स्वतःशीच म्हणाले.

तो उद्या काही आला नाही. मी फॉर्म जपून ठेवला. आपण त्यांच्या उपयोगी पडतोय असंच मला वाटत होतं.

तिसऱ्या वर्षाच्या अखेरीला बढतीची यादी लागली. लंबूचं नाव होतं, मास्तरांचं नव्हतं. खाली वगळलेल्यांची नावं होती, त्यात मास्तरांच्या नावासमोर चार शब्द होते: 'शैक्षणिक अट पूर्ण नाही.'

दुसऱ्या दिवशी लंबू नवी चिन्हं लावून वर्गाच्या दारात आला. मास्तरांनी टाचा जुळवून कडक सॅल्यूट ठोकला.

"मास्तर, असं नका करू हो."

"नियम आहे, साहेब."

"साहेब काय म्हणता मला?"

"मग काय लंबू म्हणू? सगळ्यांसमोर?"

लंबू हसला, पण त्याचे डोळे भरून आले होते. तो म्हणाला, "अपील करा. तीस दिवस आहेत. साक्ष द्यायला मी येतो."

मास्तरांच्या नोकरीचे अकरा महिने उरले होते. सुभेदार झाले तर आणखी चार वर्षं मिळणार होती. नाही तर हवालदार म्हणूनच घरी. अपिलासाठी पुरावा हवा म्हणून रविवारी दुपारी ते मला क्वार्टरवर घेऊन गेले. तिथे मी पहिल्यांदा त्यांच्या बायकोला पाहिलं. ओट्याशी उभी राहून ती भाजी निवडत होती आणि कान इकडे होते.

"वाचा बघू काय लिहिलंत ते."

मास्तरांनी वाचलं. चार ओळी होत्या.

"झालं?" ती म्हणाली. "एवढ्या लोकांना निबंध शिकवलेत आणि स्वतःचा अर्ज चार ओळींचा? भांडाराकडे साबण मागताना याहून जास्त लिहिता."

"खरं तेवढं लिहिलंय."

"खरं अजून पुष्कळ आहे. तीन वर्षं दोन माणसांचं काम केलंत, ते लिहा. परीक्षेच्या दिवशी दर वेळी पर्यवेक्षण होतं, ते लिहा. आणि शिकवणाऱ्याला या अटीतून सूट असते असं तुम्हाला वाटलं होतं, तेही लिहा."

मास्तरांचं पेन थांबलं.

"वाटलं होतं ना?" तिनं विचारलं. "मला तर तुम्ही तसंच सांगितलं होतं."

"हो. वाटलं होतं," मास्तर म्हणाले आणि त्यांनी ते वाक्य लिहिलं. माझ्याकडे बघून नाही लिहिलं. त्या फॉर्मची आठवण त्यांना तेव्हा झाली की नाही, मला सांगता येणार नाही. माणसं नको असलेली गोष्ट खरोखरच विसरतात, हे मी पाहिलंय.

सोमवारी अर्ज घेऊन ते कचेरीत गेले. तिथला कारकून जुना मित्र. त्यानं दार लोटून घेतलं आणि मला उघडलं.

"मास्तर, पंचविसावी ओळ तिन्ही वर्षं रिकामी आहे. पेन तुमचं, अक्षर तुमचं. नव्वद दिवस भरायला अर्धा तास पुरेल. निदान हजेरीची अट तरी सुटेल. परीक्षेची सूट मग अपील ऐकणाऱ्या मंडळाकडे मागून बघू."

मास्तरांनी पेनचं टोपण काढलं. टोक त्या रिकाम्या ओळीवर आलं. त्याची सावलीसुद्धा मला दिसत होती. मी घाबरलो होतो, पण आता खोटं कशाला बोलू? लिहून टाका, असंही मला एकदा वाटलं.

त्यांनी टोपण परत लावलं.

"खोटी हजेरी लावणाऱ्यांना मी मैदानाला पाच फेऱ्या मारायला लावल्यात," ते म्हणाले. "मला कोण लावणार? तू?"

"मी कशाला लावू? माझे गुडघे बघा," कारकून म्हणाला आणि त्यानं अर्जावर शिक्का मारला.

सुनावणीच्या दिवशी लांब टेबलापलीकडे तीन अधिकारी बसले होते. मधल्या मॅडम अध्यक्ष होत्या. मास्तरांचं सेवापुस्तक पुरावा क्रमांक एक, मी क्रमांक दोन. आधी लंबूची साक्ष झाली. मला वाचायला यांनी शिकवलं, इतकंच तो बोलू शकला. पुढचं सगळं आधी पाठ केलेलं होतं, ते विसरला.

मॅडमनी माझी पानं उलटली. "सुंदर अक्षर आहे," त्या म्हणाल्या. मास्तरांचे खांदे जरा सैल झाले. माझी छाती फुगली. मॅडम शेवटच्या पानापर्यंत आल्या, त्यांनी मागचा पुठ्ठा उघडला आणि अस्तरातून घडी केलेला तो फॉर्म घसरून टेबलावर पडला.

मॅडमनी तो उलगडला. सावकाश वाचला.

"हवालदार, ही सही तुमची?"

"हो, मॅडम."

"फॉर्मवर मागच्या वर्षाचा शिक्का आहे. म्हणजे सूट नाही, आपल्याला परीक्षा द्यावी लागणार, हे तुम्हाला माहीत होतं."

बाजूला बसलेला अधिकारी म्हणाला, "पर्यवेक्षणाला एक दिवस दुसरा माणूस मागता आला असता. मागितला होता?"

"नाही, साहेब."

"का?" मॅडमनी विचारलं.

मला वाटलं, आता ते काहीतरी कारण सांगतील. कारणं पुष्कळ होती. पण ते माझ्याकडे बघून बोलले.

"भीती वाटली, मॅडम. शाळेत असताना शेवटच्या परीक्षेत मी दोनदा नापास झालो होतो. मग भरती झालो. हे इथे कुणालाच ठाऊक नाही. घरीही नाही. वर्गातले सगळे मला मास्तर म्हणतात. त्यांच्या शेजारी बसून पेपर लिहिला असता आणि ते पास झाले असते, मी राहिलो असतो, तर दुसऱ्या दिवशी हातात खडू कसा घेतला असता? अर्जातलं ते सूट असते असं वाटल्याचं वाक्य खरं नाही. ते खोडावं, ही विनंती."

लंबू भिंतीशी उभा होता. त्यानं मान खाली घातली. मॅडमनी स्वतःच्या पेनानं ते वाक्य खोडलं आणि बाजूला मास्तरांची सही घेतली.

निकाल आठ दिवसांनी आला. त्याची एक प्रत माझ्यासोबत बांधलेली आहे, म्हणून मला पाठ आहे. 'अर्जदाराने अध्यापनाचे काम निष्ठेने केले, हे मंडळ नमूद करते. तथापि अध्यापन हे परीक्षेस पर्याय मानण्याची तरतूद नियमांत नाही. अटीची माहिती अर्जदारास होती, हे पुरावा क्रमांक दोनमध्ये सापडलेल्या कागदावरून दिसते. सबब अपील फेटाळण्यात येत आहे.'

मी मास्तरांच्या बाजूनं बोलायला गेलो होतो. बोललो ते त्यांच्या विरुद्ध. खोटं काही बोललो नाही, एवढंच समाधान. पण रिकाम्या खोलीत या समाधानाचा फारसा उपयोग होत नाही.

आता मी दप्तरखान्यात असतो. वरून तिसरं फडताळ, भिंतीकडची बाजू. सुतळीनं आवळून बांधलेला. मला वाळवी लागलेली नाही, पण शेजारच्या फाइलीला लागली आहे. वर्गात आता नवा शिक्षक आणि नवा हजेरीपट आहे.

मागच्या महिन्यात कारकून एक कागद शोधायला आला होता. फडताळं उघडता उघडता तो दप्तरखान्यातल्या माणसाशी बोलत होता.

"मास्तर वर्गात नव्वद दिवस भरून यंदा परीक्षेला बसले, ऐकलंस का?"

"आता कशाला? बढती तर गेली. दोन महिन्यांत घरी जाणार."

"तेच मी त्यांना विचारलं. बायकोला सगळं सांगितलं म्हणाले. ती दोन दिवस बोलली नाही आणि तिसऱ्या दिवशी तिनंच गणिताचं पुस्तक पुढ्यात आणून ठेवलं. लंबूसाहेब पर्यवेक्षक होते. पेपर संपेपर्यंत खुर्चीत बसले नाहीत म्हणे, तीन तास उभेच."

"मग निकाल?"

"लागायचाय," कारकून म्हणाला. त्याला हवा तो कागद सापडला आणि तो गेला.

तेव्हापासून इकडे कुणी आलेलं नाही. अपिलाचं प्रकरण बंद झालं आहे, त्यामुळे माझ्या गठ्ठ्यात नवा कागद येणार नाही. दोन महिन्यांतला एक सरला आहे. मास्तर सामान बांधत असतील, किंवा बांधून गेलेही असतील.

माझं आता कुणाकडे काही मागणं नाही. मला परत वर्गात नेऊ नका, सुतळीही सोडू नका. फक्त तुमच्यापैकी कुणाचं त्या मैदानाकडे जाणं झालं, तर शाळेच्या दाराशेजारी निकालाचा फलक असतो, तो बघा. पास असोत, नापास असोत, इथे येऊन मला सांगा.