माया दीड इंच

शिंपीणबाईंच्या नाकावर राग आणि जिभेवर खरं. त्यामुळे मूल दत्तक देणाऱ्या कचेरीत 'वैवाहिक समाधान आणि जुळवून घेणे' असा चाळीस प्रश्नांचा कागद हाती पडला, तेव्हा त्या धास्तावल्याच. नवरा-बायकोचे मिळून साठाच्या खाली गुण आले की अर्ज बाद. आणि बाईंचा जीव तर तिथल्याच एका तीन वर्षांच्या पोरीत केव्हाच गुंतला होता.

दोघांना वेगळ्या खोल्यांत बसवलं. भांडता का? रोज. अबोला धरता का? यांचा दोन दिवस, माझा चार. आपण आपल्याच पायावर धोंडा पाडतोय हे बाईंना कळत होतं, पण खोटं लिहायला हात धजेना. सतराव्या प्रश्नाशी मात्र हायसं वाटलं. 'जोडीदारासाठी तुम्ही किती माया ठेवता?' आता सांगा, अकरा वर्षं नवऱ्यासोबत शिवणाचं दुकान चालवणारी बाई याला काय लिहिणार? बाईंनी झोकात लिहिलं, 'दीड इंच.'

तासाभरानं कचेरीतल्या मॅडमनी दोघांना समोर बसवलं. "अठ्ठावन्न झालेत. आणि सतराव्याला पाचपैकी आकडा द्यायचा होता. थट्टा का केलीत?"

बाईंना रडू फुटायचंच बाकी होतं. "थट्टा कसली, मॅडम? शिवणीच्या आत जादा कापड राखतो, त्याला आम्ही माया म्हणतो. अंग सुटलं की उसवून कपडा मोठा करता येतो. लोक अर्धा इंच ठेवतात. आमचं रोज कुठं ना कुठं घट्ट होतं, म्हणून मी यांच्यासाठी दीड ठेवते."

मॅडमनी नवरोबांचा कागद पुढं सरकवला. सतराव्यापुढं किरट्या अक्षरात लिहिलं होतं, 'दोन इंच. तिला सांगू नये, कापड वाया घालवतो म्हणून ओरडेल.'

बाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. तो छताकडं बघत होता.

"दोघांना पाच-पाच," मॅडमनी पेन उचललं. "अडुसष्ट. बाकीचे कागद झालेच आहेत. मुलीला कधी नेता?"

"सोमवारी," नवरोबा म्हणाले. "खोली रंगवायची आहे."

"आत्ता," बाई म्हणाल्या.

नवरोबा पोरीला आणायला उठले.

घरी जाताना पोर बाईंच्या कडेवर होती. ओळखीचा असो, नसो, दिसेल त्याला थांबवून बाई ऐकवत होत्या, "ही माझी लेक."