टेबलाखालचा डाग

मी एक जुना गालिचा आहे. रंग विटकरी, काठाला निळी वेल. मित्रांनो, मला चेहऱ्यांपेक्षा पाय जास्त ओळखीचे. कोण रागात आले, कोण चोरपावलांनी सटकले, हे मला टाचांवरून कळते. त्यामुळे माणसांबद्दल माझे मत फार चांगले नाही आणि फार वाईटही नाही.

माझा जन्म मागावर झाला. दोन बहिणी शेजारी शेजारी बसून माझ्या लोकरीच्या गाठी मारत. थोरली भरभर मारी, धाकटी घट्ट मारी. म्हणून माझी थोरलीकडची बाजू आजही जरा सैल आहे.

मग वर्षभर दुकानात गुंडाळलेला उभा राहिलो आणि शेवटी अक्षरकाकांच्या घरी आलो. प्रमाणपत्रांवर टाकाने नावे लिहिणे हा त्यांचा धंदा, म्हणून सारी गल्ली त्यांना अक्षरकाका म्हणे. पाहुणे आधी त्यांच्या अक्षराची तारीफ करत, मग खाली बघून म्हणत, "गालिचाही छान आहे हं." तो 'ही' मला कधीच आवडला नाही.

वर्षे गेली. पाहुणे कमी झाले, मला झटकणेही कमी झाले. घरात काका आणि त्यांची लेक, दोघेच उरले. बापाचा हात थरथरतो असा लेकीला संशय होता.

"बाबा, एकदा डॉक्टरांना दाखवू या."

"हात दाखवून अवलक्षण कशाला?" काका हसून म्हणत.

खरे तर ते घाबरले होते. डॉक्टर लिहिणे बंद करायला सांगतील, आणि मग उरलेल्या दिवसांचे करायचे काय, हे त्यांना सुचत नव्हते.

एके सकाळी लेक कामावर गेली आणि काका पक्क्या काळ्या शाईची दौत घेऊन कपाटाकडून टेबलाकडे निघाले. वाटेत थेंब सांडत गेले आणि शेवटी दौतच हातातून सुटली. पडली तीही नेमकी माझ्या सैल बाजूला. शाई लोकरीतून थेट पाठीपर्यंत उतरली. मला गार लागले, एवढेच.

ज्या माणसाने जन्मभर ओली शाई नुसती टिपकागदाने टिपली, त्याने घाबरून किटलीतले गरम पाणी माझ्यावर ओतले आणि फडक्याने खसाखसा घासले. बशीएवढा डाग ताटाएवढा झाला. मग धापा टाकत त्यांनी लिहायचे टेबल त्यावर ओढले. झाकली मूठ सव्वा लाखाची!

दोन दिवस ते त्या टेबलाशी नुसते बसून राहिले. तिसऱ्या दिवशी लेकीच्या कानातले घरंगळले. ते शोधायला ती टेबलाखाली वाकली, अजून ओलसर डागावर हात टेकला आणि काळा तळहात घेऊन उठली.

"मांजरानं केलं असेल," काका म्हणाले.

महिनाभर त्या घरात मांजर फिरकले नव्हते.

लेकीने गालिचे धुणाऱ्या बाईंना बोलावले. काकांनी त्यांनाही मांजराचेच सांगितले. बाईंनी गुडघे टेकून माझा कोपरा उलटला, पाठ पाहिली. मग वेलीच्या पानांत लपलेले थेंब एकेक करून बोटाने दाखवले.

"मांजर एका जागी सांडतं, काका. हे तर कपाटापासून चालत आलेत."

लेकीची पावले काकांकडे वळली.

"मला भांडण लावायचं नाही हो. पण शाई कुठली, वर काय ओतलं, किती घासलं, हे खरं कळल्याशिवाय मी हात लावणार नाही. चुकीचं काही लागलं तर डाग कायमचा बसेल."

काकांच्या पायांची बोटे आत वळली. ते म्हणाले, "पक्की काळी. गरम पाणी ओतलं. घासलंही. दौत माझ्याच हातातून सुटली."

बाईंनी आधी कोपऱ्यात स्पिरिट लावून माझा रंग सुटत नाही याची खात्री केली. मग पांढऱ्या सुती फडक्यावर थोडे स्पिरिट घेऊन त्या कडेकडून मध्याकडे दाबत आल्या. फडके काळे झाले की घडी बदलायची. डाग मोठा होता, म्हणून त्यांनी बाप-लेकीलाही खाली बसवले.

"घासायचं नाही. नुसतं दाबून धरा. आत गेलेलं वर यायला वेळ लागतो."

काकांनी दाबून धरले. त्यांची थरथर फडक्यातून माझ्यापर्यंत येत होती. लेकीने ती पाहिली. आपले फडके सोडून तिने त्यांच्या हातावर हात ठेवला.

"कधीपासून, बाबा?"

"दोन हिवाळे झाले."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तू टाक काढून घेतला असतास."

"मी दौत धरली असती हो!" ती म्हणाली आणि रडू लागली. काकांनाही हुंदका आवरला नाही.

"हलू नका हं कुणी," बाई म्हणाल्या. "अजून पाच मिनिटं."

मी वाळल्यावर खालची शाई पुन्हा वर आली, तेव्हा बाईही पुन्हा आल्या. असे तीनदा झाले. आता माझ्यावर एक राखाडी छाया उरली आहे. काकांना गोळ्या चालू आहेत. थरथर कमी झाली, गेली नाही. लिहिणे मात्र डॉक्टरांनी बंद केले नाही.

मित्रांनो, हातून काही ना काही सांडायचेच. सांडले तर घासू नका, टिपा. त्यावर टेबल ओढू नका. ओले आहे तोवर घरातल्या कुणाला तरी हाक मारा. मी पडलो गालिचा, मला हाक मारता येत नाही. तुम्हाला येते.